चार मासे, दोन पाळ्या

९ जानेवारी

काल सकाळच्या गाडीने बायको गेली. आज दुपारच्या टेम्पोने सासरेबुवा आले. या अदलाबदलीत तोटा माझाच झाला, एवढं पहिल्या पानावर लिहून ठेवतो.

बायको मोजणीदार आहे. डोंगरात नवा पूल होतोय, त्याचं काम सप्टेंबरपर्यंत तरी चालेल म्हणाली. निघताना मला म्हणाली, "बाबांना तिकडे एकटं एकटं वाटतं रे. घराचं छपरही गळतंय. मी येईपर्यंत आपल्याकडे राहू देत. तू जरा लक्ष ठेव." बरं म्हटलं. सासरेबुवांना तिने काय सांगितलं ते आज कळलं. ट्रंक टेकवायच्या आतच ते म्हणाले, "मुलगी म्हणाली, जावईबापूंना एकट्याने राहायची सवय नाही, जेवणाची आबाळ करतील. तुम्ही लक्ष ठेवा."

म्हणजे आम्ही दोघेही पहाऱ्यावर. कैदी कोण ते अजून ठरायचंय.

त्यांचं सामान असं: ट्रंक एक, आरामखुर्ची एक, रजईत गुंडाळलेली चार फुटी काचेची टाकी एक, आणि झाकणाच्या बादल्यांत चार मासे. मासे येणार हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

११ जानेवारी

टाकी लागली. टीव्ही होता त्या जागी. टीव्ही आता जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून. "यातही हलणारी चित्रं दिसतात," सासरेबुवा म्हणाले, "आणि बातम्या नसतात."

दिवसभर "जावईबापू, बादली", "जावईबापू, फडकं" चाललं होतं. बापू म्हणत म्हणत माणसाला गडी कसं करावं ते यांच्याकडून शिकावं. त्यांची नोकरी आयुष्यभर पोहण्याच्या तलावावर झाली. तिथल्या पाण्याची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे. आमच्या नळाचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं आणि म्हणाले, "औषध हात सैल सोडून घालतात तुमच्याकडे." मग त्यात क्लोरीन मारायचे थेंब घातले. फिल्टरचा स्पंज त्यांनी जुन्या टाकीच्या पाण्यात बुडवून आणला होता. मी तो नळाखाली धुवायला निघालो तर अंगावर ओरडले. "हा धुतला की संपलं! माशांची घाण खाणारे बारीक जीव असतात यात. मी मासे सांभाळत नाही, हे जीव सांभाळतो. मासे ते सांभाळतात."

मासे साधे नाहीत. गोल्डफिशच, पण फॅन्सी म्हणतात त्या जातीचे. माणसांनी हौसेने पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून असे घडवलेत की बिचाऱ्यांना धड पोहता येत नाही. एकाच्या डोक्यावर लाल टोपी फुगलीय, तो इन्स्पेक्टर. एक गोलमटोल, पाठीवर पर नसलेला, रताळ्यासारखा दिसतो. ती मावशी. काळा, डोळे बाहेर आलेला तो डोळस. खरं म्हणजे त्याला जवळजवळ दिसत नाही. आणि पांढरीलाल, अंगापेक्षा शेपूट लांब असलेली ती नवरी. नवरीवर त्यांचा जीव आहे. उघड दाखवत नाहीत, पण हात आधी तिच्या बाजूला जातो.

२० जानेवारी

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. सकाळी मी दुकानात जातो, चष्म्याच्या काचा घासतो, संध्याकाळी येतो. घरी आलं की दोन माणसं एका टाकीकडे बघत बसतात. त्यांना माझी आमटी पातळ वाटते, मला त्यांचा रेडिओ मोठा.

माशांना खायला घालणं हा फक्त त्यांचा अधिकार. दाणे आधी वाटीत भिजवायचे, कारण कोरडे दाणे खाताना हे मासे हवा गिळतात आणि मग उलटे तरंगतात. मग चिमटीभर, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. "माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं. डोळसाचं धरून चालू नका," असं म्हणून स्वतःच हसले. मीही हसलो. या घरात हे पहिल्यांदाच घडलं.

२ फेब्रुवारी

पाणी गढूळ झालंय. पातळ ताकासारखं. सासरेबुवा कमरेवर हात ठेवून टाकीसमोर उभे होते. मी आत आलो तर म्हणाले, "तुम्ही घातलंत का यांना खायला?"

"मी हातही लावत नाही."

"तळाला दाणे कुजलेत. मी घालतो त्याने एवढे उरत नाहीत."

म्हणजे मीच. जिच्या वडिलांना मी घरात घेतलं तिचा फोन नेमका तेव्हाच आला. मी "सगळं झकास" म्हटलं. फोन ठेवला आणि दहा मिनिटांनी सासरेबुवा म्हणतात, "तिचा फोन नाही आला बऱ्याच दिवसांत?" टोमणा कळला मला. तिच्याशी बोलायला फोन त्यांच्या हातात दिला होता, पण फार थोडा वेळ दिला, असं त्यांचं म्हणणं असणार. सरळ बोलायचं नाही, हा त्या घराण्याचा स्वभाव आहे. मुलगीही तशीच.

७ फेब्रुवारी

आज कोड्याचा उलगडा झाला. त्यांच्या डोळ्यांचा नंबर वाढलाय! परवा कोपऱ्यावरून दूध आणताना ते पलीकडच्या गल्लीत शिरले. काल मिठाच्या जागी साखर. तलावात उडी मारून दात पाडून घेतलेल्या पैलवानाची गोष्ट मला चौथ्यांदा सांगितली, ती बहुधा समोर कोण बसलंय ते नीट न दिसल्यामुळे. आणि दाणे! चिमटीत किती दाणे आलेत ते दिसत नसणार. मी स्वतः चष्म्याच्या दुकानात, आणि हे सुचायला मला महिना लागावा.

रविवारी दुकानात घेऊन जातो. त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "नेता तर न्या." आवाज जरा बारीक वाटला.

१० फेब्रुवारी

नंबर तोच आहे. आमच्या डोळे तपासणाऱ्याला पुन्हा तपासायला लावलं. तो म्हणाला, "या वयात असे डोळे मला मिळाले तर मी नवस फेडीन." तरीही मी त्यांना नव्या काचा घासून दिल्या, माझ्या हाताने, अगदी पहिल्या प्रतीच्या. ते आरशात बघून म्हणाले, "छान दिसतंय सगळं." मग जरा वेळाने, "आधीही दिसतच होतं म्हणा."

१४ फेब्रुवारी

नवरी आजारी. शेपटीत लाल रेषा उमटल्यात, पर मिटून घेतलेत, आणि पाण्याच्या वर तोंड काढून आवंढे गिळतेय. सासरेबुवांनी नळीत पाणी घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं ते हिरवंगार झालं. "विष झालंय पाण्याचं," म्हणाले आणि नळी हातात धरून खुर्चीत बसले.

मग उठले ते वेगळेच. निम्मं पाणी काढा, तेवढंच नवं भरा, थेंब घाला, हवेचा पंप वाढवा, सगळ्यांचं खाणं बंद. नवरीला वेगळ्या टबात, किंचित मिठाच्या पाण्यात ठेवलं. दोन्ही हातांची ओंजळ करून तिला उचललं, जाळी वापरली नाही. "जाळीने पदर फाटतो तिचा." त्या हातांना कंप नव्हता. इतका जाणकार माणूस, आणि त्याच्याच टाकीत पाण्याचं विष व्हावं? फिल्टर जुना झाला असेल. नवा बघायला हवा.

२० फेब्रुवारी

मला सर्दीताप, म्हणून आज दुकानात गेलो नाही. बैठकीच्या खोलीतच चादर ओढून पडलो होतो.

नवरी काल टाकीत परत आलीय. सकाळी चहानंतर सासरेबुवांनी वाटीत दाणे भिजवले. चिमटीभर घातले. नवरीला म्हणाले, "ये गं बाई, पदर सांभाळून ये." इन्स्पेक्टरला म्हणाले, "साहेब, तुमचं झालं, सरका." वाटी धुतली, पुसली, डबा फळीवर ठेवला. वर्तमानपत्र वाचलं.

मग उठले. वाटीत दाणे भिजवले. "ये गं बाई, पदर सांभाळून ये." "साहेब, तुमचं झालं, सरका." वाटी धुतली, पुसली.

मला वाटलं तापात आहे मी. पण जेवणाच्या आधी ते पुन्हा उठले. तीच वाटी, तीच चिमटी, तेच शब्द, आवाजाची पट्टीसुद्धा तीच. मी चादरीतून म्हटलं, "बाबा, हे काय?"

माझ्याकडे वळून इतकं प्रेमळ हसले. "सकाळपासून उपाशी आहेत हो बिचारे."

मी कूस बदलली. भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पडून राहिलो. डोळ्यांचा नंबर! माझ्यासारखा मूर्ख मीच.

२१ फेब्रुवारी

काय करावं ते सुचेना, म्हणून दाण्यांचा डबा खिशात घालून दुकानात आणला. सकाळी मी घालतो, संध्याकाळी मी घालीन. त्यांना सांगायचं धाडस नाही. संध्याकाळी बघतो तर फळी, कपाट, ट्रंक, सगळं उपसलेलं. "कुठे ठेवला मी?" म्हणत होते. मी म्हटलं, "सापडेल." असं म्हणताना डबा माझ्या खिशात होता. पाकीटमाराला असंच वाटत असणार.

२४ फेब्रुवारी

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

संध्याकाळी आलो तर दार उघडं, नळ चालू, आरामखुर्ची रिकामी. चपला नाहीत. आधी खालच्या बागेत पाहिलं, मग कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडे. मग आठवलं आणि माशांच्या दुकानाकडे धावलो. दुकानदार म्हणाला, "आले होते की. दाण्यांचा डबा घेतला, माझ्या टाक्यांचं पाणी हुंगून मला चार गोष्टी सुनावल्या, आणि गेले. दुपारीच."

दुपारी! आणि आता दिवे लागले होते.

गल्ल्यागल्ल्यांतून फिरलो. कसली हाक मारू तेही कळेना. रस्त्यावर "बाबा" म्हटलं की चार म्हातारे वळून बघतात. शेवटी पलीकडच्या गल्लीत, अगदी आमच्यासारखीच दिसणारी इमारत आहे, तिच्या खालच्या लॉन्ड्रीत सापडले. कपडे धुण्याच्या मोठ्या मशीनसमोर स्टूलवर बसले होते. मांडीवर नवा डबा. गोल काचेत साबणाचं पाणी फिरत होतं, ते एकटक बघत होते.

लॉन्ड्रीवाली म्हणाली, "तुमचेच का हे? दुपारपासून बसलेत. मी विचारलं कुठे जायचंय, तर म्हणाले, पाणी तपासायला आलोय. म्हटलं तपासा. चहा दिलाय मी."

मी शेजारी उकिडवा बसलो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "साबण जास्त घालते ही बाई." मग माझ्या दंडाला धरलं, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "अरे, मला घर सापडेना. दोनदा वर जाऊन आलो. किल्ली लागेना. आतून कोणीतरी ओरडलं माझ्या अंगावर."

बाहेर आल्यावर खिशातला डबा मला टोचायला लागला. काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही डबे दिव्याखाली धरून पाहिले.

"तू लपवलास?"

"हो."

"का रे?"

सांगितलं. रस्त्याच्या कडेला उभं राहून सगळं सांगितलं. वाटी, चिमटी, पदर, साहेब. ते ऐकत होते, जसं काही दुसऱ्याच कोणाचं सांगतोय.

"किती वेळा घालतो मी?"

"आठवण होईल तितक्या वेळा."

"म्हणजे नवरीला मीच..."

"नवरी बरी होतेय, बाबा." तसं मला कुठे माहीत होतं!

२५ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना बाबाच बोलले. "वर्षभर झालं असेल. शब्द हातात येतो आणि ओल्या साबणासारखा सटकतो. वाटलं होतं, कोणाच्या लक्षात यायच्या आत थांबेल." मग म्हणाले, "मुलीला कळवू नकोस. हातातलं काम टाकून येईल ती."

मी विचार केला. लपवालपवीचा धडा कालच मिळालाय, तेव्हा त्यांच्या देखतच फोन लावला. तिला सगळं सांगितलं. मग म्हणाली, "तिकडे दोनदा गॅस चालू राहिला होता. शेजारच्या काकूंनी कळवलं होतं. मी म्हटलं, वय झालं... मी येते."

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "तू पूल अर्धा टाकून आलीस तर मी मासे घेऊन स्टेशनवर राहायला जाईन. इथे आहे ना हा." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "ऑम्लेट कर. काल जेवलो नाही आपण."

५ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तारीख विचारली, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी गोल सुरेख काढला, आणि आकडे सगळे एका बाजूला दाटीवाटीने बसवले, जसे बसच्या दारात लोक. मला बघवेना, मी खिडकीबाहेर बघितलं.

रक्तही तपासलं. बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला गेलंय, थायरॉइड मंद आहे. या दोन्हींनी विसराळूपणा येतो, म्हणाल्या. इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू करायच्या. मी विचारलं, "म्हणजे बरे होतील?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "काही भरून येईल. काही वयाचं असेल, ते नाही येणार. कुठलं किती, ते आज सांगितलं तर थाप होईल. उन्हाळ्यात पुन्हा बघू."

बाबांना बाई आवडल्या. बसमध्ये म्हणाले, "पाण्याचंही असंच असतं. आधी तपासायचं, मग औषध. आणि मग गप्प बसून वाट बघायची. ते सगळ्यात अवघड."

१० मार्च

माशांच्या जेवणाचा प्रश्न बाबांनीच सोडवला. मी आपला गजराचं घड्याळ आणू, कुलूप लावू, असं बडबडत होतो. त्यांनी बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची एक पाटी कापली. एका बाजूला लाल रंग, दुसऱ्या बाजूला पांढरा. टाकीच्या कडेला दोऱ्याने टांगली.

"तलावावर दोन पाळ्या असायच्या," म्हणाले. "पहिल्या पाळीच्या माणसाने पाण्यात औषध टाकलं की पाटी लाल करायची. दुसऱ्या पाळीचा येतो, त्याला काय माहीत? तो पाटी बघतो आणि हात आवरतो. भांडण नाही, चौकशी नाही. इतकी वर्षं एकदाही दुप्पट औषध पडलं नाही." पाटी उलटीसुलटी करून बघितली. "आता दोन्ही पाळ्यांवर मीच आहे, एवढंच."

मला हसावं की काय करावं ते कळेना. ते मात्र हसत होते, म्हणून मीही हसलो.

२८ मार्च

पाटी चालतेय. लाल ते करतात, पुढच्या जेवणाच्या वेळी पांढरी मी करतो. एकदोनदा ते वाटी घेऊन उठले, लाल बघून थबकले आणि वाटी ठेवून दिली. एकदा पाटीकडे बघून म्हणाले, "पहिल्या पाळीचा माणूस चोख आहे बुवा."

आज नवरीच्या शेपटीच्या कडा काळ्या दिसल्या. बाबांना ओढत आणलं. ते म्हणाले, "भाजलेल्या जागी कातडी काळी पडते ना, तसं. जखम भरली की काळं येतं. जाईल हळूहळू." दुकानातून भिंग आणून मी तासभर त्या कडा बघत बसलो. इतक्या बारकाईने मी कधी बायकोकडेही पाहिलं नसेल. (हे पान तिच्या हाती लागू नये.)

१२ एप्रिल

आज इन्स्पेक्टरच्या गालांवर पांढरे ठिपके! मावशीच्याही! मी दुकानातून फोन करून माशांच्या दुकानदाराला विचारलं, औषध घेतलं, धापा टाकत घरी आलो. बाबा बाटलीकडे बघतात, माझ्याकडे बघतात, आणि खुर्चीत वाकून वाकून हसतात.

"अरे, रोग नाही तो! तारुण्यपिटिका आहेत! ऊन वाढलं की नरांच्या गालावर येतात. लग्नाला उभे राहिलेत ते."

"नरांच्या? मग मावशी?"

बाबांचं हसू थांबलं. काचेला नाक लावून त्यांनी मावशीला नीट न्याहाळलं. "अरेच्चा," म्हणाले. "तीन वर्षं. तीन वर्षं मी याला मावशी म्हणतोय, आणि हा एकदाही बोलला नाही."

आता त्याला काका म्हणायचं ठरलंय. पण तोंडात मावशीच येतं. मलासुद्धा, त्यामुळे हे विसरणं धरायचं नाही.

३ मे

सकाळी बाबांनी पांघरूण ओढून उठवलं. "ऊठ, ऊठ! सुरू झालं!"

टाकीत नुसती धुमश्चक्री. इन्स्पेक्टर आणि मावशी (काका!) दोघे नवरीच्या मागे, ढुशा मारतायत, पाणी जमिनीवर उडतंय. डोळस आंधळेपणाने भलत्याच दिशेला पळतोय. बाबांनी आठवड्यापूर्वीच हिरव्या लोकरीचे झुपके करून पाण्यात सोडले होते; मला वाटलं होतं सजावट आहे. नवरीने त्यांच्यात अंडी सोडली. टाचणीच्या डोक्याएवढी, मधाच्या रंगाची, जिथे पडली तिथे चिकटली.

"झुपके उचल! आता लगेच! नाहीतर हेच चट्ट करतील. आईबापच खातात यांच्यात."

मी खांद्यापर्यंत हात भिजवून झुपके उचलले, पसरट टबात ठेवले. ते खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. एकही शब्द अडला नाही. पाणी किती उथळ, हवा किती मंद, पांढरी पडलेली अंडी चिमट्याने वेचून का टाकायची, सगळं. दुकानात उशिरा पोचलो. मालकांनी कारण विचारलं. म्हटलं, घरी बाळंतपण आहे. त्यांनी अभिनंदन केलं आणि मी ते घेतलं.

८ मे

अंडी फुटली! पिल्लांचे आधी डोळेच दिसतात: दोन काळे ठिपके आणि एक पापणीच्या केसासारखी रेघ. टबाच्या भिंतीला चिकटून बसलीत. मोजायचा प्रयत्न केला, सोडून दिला. बाबा म्हणाले, "दोन दिवस खायला द्यायचं नाही. पोटाला डबा बांधूनच येतात."

मग उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, फडक्यातून गाळून, थेंबभर. टबालाही पाटी टांगलीय. आता दोन पाट्या आणि दोन माणसं.

२९ मे

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा घड्याळ काढायला सांगितलं. या वेळी आकडे सगळीकडे पसरले. काटे मात्र उलटे लागले. तारीख चुकली, महिना बरोबर. "पूर्वीसारखं नाही," त्या म्हणाल्या, "पण मार्चसारखंही नाही. मी खूश आहे. तुम्ही?" बाबा म्हणाले, "माझ्याकडे बाळं आहेत घरी. मला वेळ नाही."

पैलवानाची गोष्ट काल परत सांगितली. आता मलाही पाठ झालीय. मधेच ते अडले तेव्हा दात कोणते पडले ते मीच सांगितलं.

४ जून

बायकोचा फोन. बाबांच्या घराचं छप्पर दुरुस्त झालं. "तुझ्यावर फार पडतंय रे. तिथल्या काकू म्हणतात, दिवसभर एक बाई ठेवता येईल. बाबांना परत जायचं असेल तर..."

मी तिला नीट शास्त्रीय कारण सांगितलं. पिल्लं फार नाजूक आहेत. पाण्याचा बदल सोसत नाही. टब हलवला तर एकही वाचणार नाही. निदान वर्षभर तरी काही हलवणं योग्य नाही.

ती म्हणाली, "वर्षभर?"

"त्यांना सोनेरी रंग यायलाच कित्येक महिने लागतात," मी म्हटलं. "आत्ता सगळी मातकट आहेत."

ती हसायला लागली. का ते सांगितलं नाही. म्हटलं ना मी, सरळ बोलायचं नाही हा त्या घराण्याचा स्वभाव. मग म्हणाली, "बाबांना विचार तरी." विचारलं. बाबा टबावर वाकले होते. मान वर न करता म्हणाले, "कुठलं छप्पर?" आणि मग डोळा बारीक करून, "आठवतंय मला. तरी विचारतोय, कुठलं छप्पर?"

१९ जून

बायको चार दिवसांच्या रजेवर आली होती, आज परत गेली. उन्हाने रापलीय. पहिल्या संध्याकाळी बाबांनी तिला एक क्षण तिच्या आईच्या नावाने हाक मारली. तिने ओ दिली. मग मोरीत जाऊन रडली, मी पाठीवर हात ठेवला. बाहेर आली तेव्हा बाबांनी तिच्या हातात भिंग दिलं आणि पिल्लांची शेपटी दाखवायला सुरुवात केली. दुहेरी कुठली, एकेरी कुठली, वाकडी कुठली. "वाकडीचं काय करायचं?" तिने विचारलं. मी आणि बाबा एकदमच म्हणालो, "ठेवायची."

२९ जून

पिल्लांना टब पुरेना. आज रविवार, म्हणून आम्ही दोघे दुसरी टाकी आणायला माशांच्या दुकानात गेलो. कपाट हलवून भिंत आधीच मोजून ठेवली होती. बाबांना सगळ्यात मोठी हवी होती. मी म्हटलं, घरात माणसांनीही राहायचंय. बरीच घासाघीस झाली. दुकानदाराशी कमी, आमच्या आपापसात जास्त.

दुकानात आज एक नवीन माणूस होता. बाबांनी त्याला आमच्या पिल्लांची सगळी हकीगत सांगितली, कुठेही न अडता. तो म्हणाला, "एवढं सगळं तुम्ही एकटे करता?"

"छे," बाबा म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हा माझा मुलगा. निम्मं हाच करतो."

बाबांना एकच मुलगी. मुलगा नाही.

ते विसरले, की मुद्दाम म्हणाले, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला ओळखता आलं नाही. विचारलंही नाही. त्या माणसाने मला विचारलं, "वडिलांकडूनच शिकलात का?" मी म्हटलं, "हो. अजून शिकतोय."

टाकीची एक बाजू मी उचलली, दुसरी त्यांनी. रिक्षात मावेना, म्हणून पायीच निघालो. पुढे ते होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबले, दोन्हीकडे पाहिलं. मी टाकी धरून उभा राहिलो. मग ते बरोबर डावीकडे वळले.